ठिपका केवढा, वणवा केवढा : २०२१ च्या आगीच्या हंगामाचं एक प्रकरण

८ एप्रिल २०२१, गुरुवार. नागझिऱ्याच्या जंगलात सकाळीच आग दिसली. वनरक्षक गेले, हंगामी मजूर गेले, दिवसभर झोडपणं चाललं. संध्याकाळकडे आग हातात आली असं वाटलं आणि नेमका तेव्हाच वारा सुटला. डोंगराळ भागात ती पुन्हा उसळली. तीन वनमजूर तिच्यात सापडले आणि गेले. दोघे गंभीर भाजले. पूर्व विदर्भात वणवा दरवर्षीचा, पण आग विझवायला गेलेली माणसं परत आली नाहीत हे आमच्याकडे दरवर्षीचं नव्हे.

ते दिवस करोनाच्या दुसऱ्या लाटेचे होते. विदर्भातली वर्तमानपत्रं खाटा, ऑक्सिजन आणि रेमडेसिविरने भरलेली. ही बातमी दोन-चार दिवस टिकली आणि मग वाहून गेली. हंगाम संपल्यावर त्या वर्षाचं जे उरलं ते आकड्यात उरलं: महाराष्ट्र, ३४,०२५. हा आकडा नेमका कशाचा आणि तो नागझिऱ्याच्या त्या उताराबद्दल काय सांगतो, हे तपासण्यासाठी हे टिपण.

जागा आणि दिवस

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत आहे. डिसेंबर २०१३ मध्ये तो घोषित झाला. गाभा क्षेत्र ६५६ चौरस किलोमीटर. जंगल कोरडं पानझडी: साग, ऐन, धावडा, बीजा, तेंदू, मोह, चार (चारोळीचं झाड) आणि मधेमधे बांबूची बेटं. फेब्रुवारीत पानगळ लागते. मार्चअखेरीस पाला घोट्याला लागतो आणि चालताना पापडासारखा मोडतो. वनखात्याच्या लेखी आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून.

हंगामाआधी जाळरेषा काढतात. रस्त्याच्या कडेचं, कक्षाच्या (वनखात्याने आखलेल्या जंगलाच्या तुकड्याच्या) हद्दीवरचं गवत कापायचं, वाळू द्यायचं आणि माणसं उभी करून जाळायचं, म्हणजे पुढे आग आली तर त्या पट्ट्यात तिला खायला काही सापडू नये. कागदावर ही पद्धत चोख आहे. अडचण एवढीच की जाळरेषा फेब्रुवारीत होते आणि पानगळ तिच्यानंतरही चालू राहते. सागाचं पान सुपाएवढं. वाऱ्याने सरकत येऊन साफ केलेल्या पट्ट्यावर बसतं. मार्चमध्ये रेषा पुन्हा झाडली नाही तर नकाशावरची रेषा आणि जमिनीवरची रेषा यांचा संबंध राहत नाही. पुन्हा झाडायला मजूर लागतात, मजुरांना मजुरी लागते आणि मार्च हा आर्थिक वर्ष संपण्याचा महिना. पुढचं ज्याने सरकारी कामावर मजुरी केली आहे त्याला सांगायला नको.

आमच्याकडचा वणवा टीव्हीवर दिसणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या आगीसारखा शेंड्यांवरून धावत नाही. तो जमिनीवरून सरकतो. गुडघ्याएवढ्या ज्वाळा, पुढे लाल किनार, मागे काळं. लांबून तर ती दिवाळीच्या पणत्यांची रांग वाटते, आणि या साधेपणामुळेच माणूस तिला हलक्यात घेतो. सपाटीवर ओल्या फांदीने झोडपून दोन माणसं पन्नास पावलांची किनार सहज मारतात. उतारावर मात्र हिशेब बदलतो. ज्वाळा चढावाकडे झुकते आणि वरचा पाला पेटण्याआधीच तापवून ठेवते. दुपारभर तापलेल्या दरीतून वाराही वरच चढत असतो. सपाटीवर माणसाच्या चालीने येणारी आग चढणीवर धावत्या माणसाला गाठते. म्हणून मुरलेला माणूस आगीच्या वरच्या अंगाला उभा राहत नाही, आणि परतीची वाट म्हणून आधी जळून काळी पडलेली जमीन नजरेत धरून ठेवतो. पुरतं जळून गेलेलं लगेच पुन्हा पेटत नाही.

पाठीवरचे ब्लोअर आता बहुतेक ठिकाणी आहेत. ब्लोअर पाणी मारत नाही, हवा मारतो. पुढचा पाला उडवून आगीसमोर रिकामी पट्टी करतो. झोडप्यापेक्षा कितीतरी वेगवान. पण त्याच्या घरघरीत शेजाऱ्याने मारलेली हाक ऐकू येत नाही. उतार, धूर आणि मावळता उजेड एकत्र आले की ‘मागे फिर’ एवढे दोन शब्द पोचणं हाच संरक्षणाचा सगळ्यात स्वस्त उपाय असतो. त्यासाठी एक माणूस आगीला हात न लावता फक्त आगीकडे आणि वाऱ्याकडे पाहत उभा राहायला हवा. मजूर मोजून दिलेले असताना एकाला ‘नुसतं उभं’ ठेवायला कोणाचा जीव होत नाही. माझ्या मते या प्रकरणातली पहिली शिकण्याजोगी गोष्ट हीच, आणि तिला पैसा जवळजवळ लागत नाही. सुती अंगभर कपडे, चामड्याचे बूट, तोंडाला ओला रुमाल हेही अगदी स्वस्तातलं. घरून पॉलिस्टरचा शर्ट आणि पायात चपला घालून आलेला माणूस आगीच्या तोंडी उभा करणं हे मात्र कोणत्याही दरात परवडणारं नाही.

हे हंगामी मजूर कोण? जंगलाला लागून असलेल्या गावांचेच. सकाळी घरचा मोह वेचून मग रोजावर येणारे. हे लक्षात ठेवावं, कारण आग लावणाराही बहुधा त्याच गावांपैकी एखाद्यातला असतो.

३४,०२५

आता आकडा. भारतीय वन सर्वेक्षण ही डेहराडूनची संस्था उपग्रहांकडून आगीच्या जागा घेते आणि नोंदणी केलेल्यांच्या मोबाइलवर सूचना पाठवते. नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ या हंगामात देशभरात अशा ३,४५,९८९ सूचना, म्हणजे नकाशावर तेवढे ठिपके, नोंदल्या गेल्या. ओडिशा ५१,९६८, मध्य प्रदेश ४७,७९५, छत्तीसगड ३८,१०६ आणि चौथा महाराष्ट्र, ३४,०२५. म्हणजे देशातल्या दर दहा ठिपक्यांमागे एक आपला. त्याच हंगामात ओडिशातलं सिमलीपाल धुमसलं, मध्य प्रदेशात बांधवगड जळलं आणि उत्तराखंडला हवाई दलाची हेलिकॉप्टर्स बोलवावी लागली. आदल्या हंगामात, २०१९-२० मध्ये, देशाचा आकडा होता १,२४,४७३. एका वर्षात पावणेतीन पट.

मथळा तयार आहे: ‘वणवे पावणेतीन पट वाढले’. पण ठिपका म्हणजे काय ते आधी पाहू.

हे ठिपके सुओमी एनपीपी या उपग्रहावरच्या व्हीआयआयआरएस या उपकरणाचे. त्याचा एक ठिपका जमिनीवर ३७५ मीटर बाय ३७५ मीटर, म्हणजे सुमारे १४ हेक्टर. या चौकोनात कुठेतरी आसपासपेक्षा बरंच जास्त तापलेलं काही दिसलं की ठिपका पडतो. चौकोन सगळा जळत असायला हवा असं नाही. एका कोपऱ्यातली धगही पुरते. उलट एकच लांबलचक आग शेजारशेजारच्या दहा चौकोनांत दिसली तर दहा ठिपके, आणि रात्री उपग्रह परत आला तेव्हा ती जळतच असेल तर आणखी दहा. हा उपग्रह साधारण दुपारी दीडला आणि रात्री दीडला डोक्यावरून जातो. दुपारी तीनला लागून आठच्या आत विझलेली आग त्याच्या लेखी लागलीच नाही.

तीच जंगलं आणि तोच हंगाम जुन्या एमओडीआयएस या उपकरणाने मोजला, ज्याचा ठिपका एक किलोमीटरचा आहे, तर देशाचा आकडा येतो ५२,७८५. एकाच हंगामाचे दोन आकडे, आणि त्यांच्यात साडेसहा पटीचा फरक! जळलेलं तेवढंच, फक्त चाळणी बारीक झाली. वीस वर्षांच्या आलेखात एका वर्षी चाळणी बदलली आणि ते सांगायचं राहिलं, की ‘वणव्यांचा उद्रेक’ तयार होतो. असे आलेख फिरताना मी पाहिले आहेत.

हौस म्हणून गुणाकार करून पाहा. ३४,०२५ गुणिले १४ हेक्टर म्हणजे जवळपास ४,७६० चौरस किलोमीटर. २०२१ च्याच वन अहवालात महाराष्ट्राचं वनाच्छादन ५०,७९८ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे राज्याचं सव्वानऊ-साडेनऊ टक्के जंगल जळलं? असा निष्कर्ष दोन्ही बाजूंनी फसवा आहे. अर्धवट जळलेले आणि दोनदा मोजलेले चौकोन त्याला फुगवतात. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत पेटून विझलेल्या आगी त्याला आकसवतात. हे दोन्ही दोष एकमेकांना खाऊन टाकतील आणि उत्तर बरोबर येईल, असं समजायला काही आधार नाही.

जळलेलं क्षेत्र खरंच हवं असेल तर दुसरा मार्ग आहे. सेंटिनेल-२ सारख्या उपग्रहाची दहा-वीस मीटर बारकाव्याची चित्रं घ्यायची, आगीआधीचं आणि नंतरचं, आणि डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यांतला फरक काढायचा. कोरड्या पानझडी जंगलात इथेही खोड आहे. एप्रिलमधला निष्पर्ण साग आणि जळलेला साग वरून बराच सारखा दिसतो, आणि जळलेल्या जमिनीवर दोन-तीन आठवड्यांत नवा पाला पडून काळा डाग झाकला जातो. शेवटी कक्षात पाय ठेवून पाहणारा वनरक्षक लागतोच. पण त्याच्या बीटमध्ये, म्हणजे त्याच्याकडे सोपवलेल्या हद्दीत, आग लागली असं त्याने लिहिलं की पहिला खुलासा त्यालाच मागतात. ज्या नोंदीबद्दल नोंद करणाऱ्याला झळ बसते ती नोंद आखूड होत जाते, मग ती वणव्याची असो की कुपोषणाची. उपग्रह निदान घाबरत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण.

मग पावणेतीन पटीचं काय? त्यातला काही भाग खरा आहे, यात शंका नको. दोन्ही वर्षी उपकरण एकच होतं. पण २०२० हे तुलनेला घ्यायचं वर्ष नव्हे. त्या वर्षी २५ मार्चला देशाला टाळं लागलं, म्हणजे ऐन मोह गळण्याच्या दिवसांत; मोह आणि आग यांचं नातं पुढे येतंच. शिवाय आमच्याकडे एक चांगली अवकाळी सर पडली की पाला आठवडा-दहा दिवस पेटत नाही आणि हंगामाची उंची कमी होते. पुढच्या वर्षांचे देशाचे आकडे पाहा: २०२१-२२ मध्ये २,२३,३३३, मग २,१२,२४९, मग २०२३-२४ मध्ये २,०३,५४४. या रांगेत २०२०-२१ उंच आहेच, पण आदलं वर्ष खड्ड्यात होतं म्हणून ते जास्तच उंच दिसतं. महाराष्ट्र २०२३-२४ मध्ये १६,००८ वर आला, निम्म्याहून कमी. त्याचं श्रेय कोणी मागितलं तर त्या वर्षीच्या अवकाळी पावसाची तारीखवार नोंद आधी मागावी.

दहा पावलांचं खळं

ठिपक्यांत जे कधीच दिसत नाही ते म्हणजे आग लागण्याची जागा. ती १४ हेक्टरची नसते. बहुतेक वेळा ती एका झाडाखालची, दहा पावलांची असते.

मोहाचं फूल पहाटे गळतं. मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत, रोज थोडं थोडं. मलईच्या रंगाचं, बोराएवढं, मांसल. खाली घोटाभर वाळका पाला असेल तर ते त्यात बुडतं. एकेक पान उचलून शोधत बसलं तर टोपली भरेपर्यंत ऊन डोक्यावर येतं आणि फुलं आंबतात. म्हणून झाडाखाली खळं करतात, धान मळायच्या जागेसारखी साफ जमीन. खळं करायचे दोन मार्ग: झाडणी घ्या नाहीतर काडी ओढा. झाडणीने एका झाडाखाली सकाळ जाते, आणि घरची झाडं पाच-सात असतात. काडीला दोन मिनिटं. आमच्याकडे कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे: ‘पाला नाही जाळला त फुलं दिसन कशी बाप्पा?’

लहानपणी मी मावशीच्या मागे टोपली घेऊन जात असे. ती आदल्या संध्याकाळी पाला पेटवायची, हातात पळसाची ओली फांदी घेऊन कडेने फिरायची, बाहेर सरकणारी किनार चापट मारल्यासारखी विझवायची. मोठी नीट बाई होती. पण अंधार पडला, घरी चूल वाट पाहत असली, की शेवटची थोडी किनार तशीच राहायची. ‘जाते विझून.’ बहुतेक वेळा विझायचीही. शंभरातल्या ज्या दोन-तीन विझत नाहीत त्यांचाच मिळून जंगलातल्या आगीचा हंगाम बनतो. आग लावायची होती असं कोणीच नसतं. किनार सोडून आलेले सगळे असतात.

जाळण्यामागे आळसाखेरीज एक कारण आहे आणि ते शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही: भीती. मोह वेचणारी बाई पहाटेच्या अंधुक उजेडात वाकून बसलेली असते. वाकलेलं माणूस वाघाला चौपायासारखं दिसतं असं आमच्याकडे म्हणतात. चंद्रपूर-गडचिरोलीत मोहाच्या दिवसांत वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात. सभोवतीचं गवत-झुडूप जळालेलं असेल तर चार पावलं लांबचं दिसतं, साप दिसतो. तिला ‘जंगल जाळू नका’ असं फलकावरून सांगणारा माणूस पहाटे पाच वाजता तिच्यासोबत उभा नसतो.

दुसरं कारण तेंदू. विडीला लागणारं पान कोवळं, मऊ, बिनडागाचं हवं. झुडूप जमिनीलगत छाटलं तर साधारण दीड महिन्यात असे धुमारे येतात. फेब्रुवारी-मार्चमधल्या या छाटणीला आमच्या भागात बेलकटाई म्हणतात. तिला मजुरी पडते. जाळल्यावरही मुळातून धुमारे येतात, आणि जाळणीला मजुरी पडत नाही. मे महिन्यात सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी असा हिशेब होतो आणि पान जितकं एकसारखं तितका ठेकेदार खूश. मोहाखालची आग सांडलेली असते. तेंदूची आग पुष्कळदा मुद्दाम सोडलेली. दोन्हींना ‘मानवनिर्मित’ या एकाच खान्यात टाकलं की उपाय चुकतो. मोहवालीला साधन हवं. तेंदूच्या आगीत मात्र पैसा कोणाचा वाचला हे विचारायला हवं, आणि तो वाचवणारा गावात राहतच नाही.

बाकी कारणं किरकोळीत. शेताच्या धुऱ्यावरचं गवत जाळताना सुटलेली आग, मधाच्या पोळ्याखालचा धूर, वाटेवर टाकलेली विडी, नव्या गवताच्या आशेने गुराख्याने ओढलेली काडी, शिकारीसाठी लावलेली रांग. अतिक्रमणाच्या हेतूने लावलेल्या आगीही असतात. वीज पडून लागलेली आग मात्र आमच्याकडे मोजावीच लागत नाही. वळवाची वीज आली की सोबत पाऊसही येतो.

कायदा कमी पडतो असं नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं कलम ३० अभयारण्यात तेच सांगतं. वन अधिनियमाचं कलम ७९ तर जंगलात हक्क असणाऱ्यांवर आग विझवायला मदत करण्याची सक्ती करतं. पण काडी लावणारा सापडत नाही, कारण आग आपला पुरावा स्वतःच खाते. आणि जो वनरक्षक उद्या आग विझवायला त्याच गावातून वीस माणसं मागणार आहे, तो आज गावातल्या बाईवर गुन्हा कसा दाखल करील? केला तर उद्या माणसं मिळत नाहीत. ही गाठ चौकीत सुटत नाही.

जे जळतं आणि जे जळत नाही

एप्रिलमध्ये जळालेल्या नागझिऱ्यात जुलैत कोणी पाहुणा नेला तर तो म्हणेल, कुठे काय जळालं? सगळं हिरवं. मोठी झाडं बहुधा वाचतात. साग, ऐन, धावडा यांची साल एका जमिनीवरच्या आगीला पुरून उरते. नुकसान गुडघ्याच्या खाली असतं, जिथे कोणी पाहत नाही.

साग आणि तेंदू जळाले तरी मुळातून पुन्हा फुटतात. मोहाचं, बिज्याचं, चाराचं एक-दोन वर्षांचं रोप त्यात टिकत नाही. दरवर्षी जाळलं तर दरवर्षी हीच निवड होते, आणि वीस-तीस वर्षांत जंगल सागा-तेंदूकडे झुकतं. आमच्या शिवारातली मोहाची झाडं पाहा: दोघांच्या कवेत न मावणारी, आजा-पणजाच्या काळातली. त्यांच्या खाली मनगटाएवढा मोह शोधून दाखवा. बिया माणसं वेचून तेल काढतात, हे एक कारण आहेच; जी चुकून रुजते तिच्यावरून पुढच्या मार्चमध्ये काडी फिरते.

जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा हा विणीचा काळ. रातवा तर घरटंही करत नाही, पाल्यावरच अंडी ठेवतो. टिटवी, लावा, तित्तर, मोर यांचंही जमिनीवरचंच बिऱ्हाड. सांबर-चितळ पळतात, वाघ-बिबट त्यांच्याही आधी. पळता येत नाही ते कासव, घोरपडीचं पिल्लू, बिळातलं खवल्या मांजर. आगीनंतर पंधरा दिवसांत कोवळं गवत येतं आणि चितळांचे कळप तिथे जमतात. ते पाहून ‘आग लागली की जनावरांना चारा होतो’ म्हणणारे गावात पुष्कळ आहेत. चूक नाही, पण तो चारा फार दिवस टिकत नाही. त्यानंतर मोकळ्या झालेल्या उजेडात घाणेरी आणि रानतुळस शिरतात, आणि त्यांना तर गुरंही तोंड लावत नाहीत.

नुकसानीचा आणखी एक भाग कोणत्याच वणव्याच्या अहवालात येत नाही, कारण तो पावसाळ्यात घडतो. पाल्याचा थर हे उताराचं गोधडीसारखं पांघरूण. तो गेला की मृगाचा पहिला जोरदार पाऊस उघड्या मातीवर पडतो. राख आणि माती नाल्याने खाली येते आणि थांबते ती आमच्या मामा तलावात. माजी मालगुजारी तलाव हा भंडारा-गोंदियाच्या धानशेतीचा कणा. तलावातला गाळ काढायच्या योजना येतात, जेसीबी लागतात, फोटो निघतात. वरच्या पाणलोटातला पाला जळायचा थांबला तर गाळ किती कमी येईल हा हिशेब मात्र वेगळ्या खात्याचा. वन एकीकडे, पाटबंधारे दुसरीकडे, आणि मधला नाला कोणाचाच नाही.

काय करून पाहिलं गेलं

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचं लहान गाव आहे. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये गावाला १,००६ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. हातात बांबू आला, रोजगार आला. तेंदू हाही मोठा पैसा होता, पण ग्रामसभेने तेंदूपान तोडायचंच नाही असं ठरवलं. कारण साधं: त्यासाठी झाडं छाटतात आणि जंगल जाळतात. बांबू विकणाऱ्या गावाला जळालेलं जंगल परवडत नाही. याच कायद्याखाली गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्येच हक्क मिळाला होता, देशात अगदी आधीच्यांत. अशा गावांत आग दिसली की खात्याचा माणूस येण्याची वाट कोणी पाहत नाही. आपल्या घरामागचा गोठा पेटल्यासारखं लोक धावतात. जंगल पेटलं तर नुकसान कोणाचं, याचं उत्तर बदललेलं असतं.

पण पाचगाव सगळीकडे उचलून ठेवता येत नाही. नागझिऱ्याभोवतीच्या गावांना गाभा क्षेत्रात असा हक्क नाही, आणि ज्यांच्याकडे बांबू नाही त्यांना तेंदूचे मे महिन्यातले रोख पैसे सोडा म्हणणं सोपं नाही. खरिपाचं बियाणं त्याच पैशातून येतं. तिथे मधला मार्ग आहे. ग्रामसभा स्वतः तेंदूचा लिलाव करते तिथे करारातच अट घालता येते: बेलकटाईची मजुरी ठेकेदाराने द्यायची आणि युनिटात, म्हणजे लिलावात दिलेल्या जंगलपट्ट्यात, आग लागली तर अनामत कापायची. आग स्वस्त आहे म्हणून लागते. ती महाग करायची.

मोहासाठी उत्तर जाळीचं आहे. झाडाखाली कमरेइतक्या उंचीवर जाळी बांधायची, फूल जमिनीला लागतच नाही. पाला खाली राहिला तरी चालतो, फूल स्वच्छ राहतं, माती नसल्याने भावही बरा मिळतो. काही ठिकाणी वनखात्याने, काही ठिकाणी संस्थांनी जाळ्या वाटल्या. २०२१ मध्येच राज्य सरकारने मोहफुलांच्या साठवणुकीवर आणि वाहतुकीवरची जुनी बंधनं सैल केली, त्यामुळे स्वच्छ फुलाला किंमत येण्याची वाट थोडी मोकळी झाली. अडचणी जाळीलाही आहेत. रात्री रानडुकरं आणि अस्वलं फुलं खायला येतात आणि जाळी फाडतात. अस्वल तर मोहाचं वेडं. एका घराला एक जाळी मिळते आणि झाडं सहा असतात. मग एका झाडाखाली जाळी आणि पाचांखाली काडी.

उपग्रहाची सूचना गावापर्यंत आणणं हा आणखी एक धागा. ठिपका पडल्यापासून मोबाइल वाजेपर्यंत वेळ जातो, आणि जंगलकाठच्या गावात टॉवर मिळायला टेकडीवर चढावं लागतं. १९२६ हा वनखात्याचा टोल-फ्री क्रमांक पुष्कळांना पाठ आहे. लावायला रेंज नाही. माझा अनुभव असा की धूर आधी गुराख्याला दिसतो, मग वनरक्षकाला आणि सर्वांत शेवटी उपग्रहाला. त्या गुराख्याला दोन महिन्यांची मजुरी देऊन टेकडीवर बसवलं तर तो दीडची वाट न पाहता सांगेल.

मावशी आता थकली. या मार्चला मी तिच्या झाडाखाली खराटा घेऊन गेलो. पाला ओढून चार ढीग केले, आणि मधल्या जागेत, बुंध्यापासून हातभर लांब, मोहाचं एक वीतभर रोप निघालं. दोन पानं, देठाशी जुना काळा डाग. तिला दाखवलं तर म्हणाली, ‘असू दे, त्याच्यावर टोपली ठेव, नाही त शेळी खाईन.’ फुटकी टोपली सापडली, ती पालथी घालून वर दगड ठेवला. चार ढीग अजून तिथेच आहेत. ते कुठे न्यायचे हे आमचं ठरलेलं नाही.